संयोगिताचं मलम

शिरवळ
ता. ९ नोव्हेंबर २०२४

ती. मामींना जावई जयराजचा नमस्कार.

मामांचा गुडघा आता कसा आहे? इकडे थंडी पडायला लागलीय. तुमची नात मजेत आहे. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून लिहितोय. कागद मधेच कट करता येत नाही.

गेल्या रविवारी तुम्ही संयोगिताचं डायपर सोडलंत आणि लालभडक पुरळ बघून सगळ्या चाळीसमोर म्हणालात, "बाप्याला प्वार सांभाळता येतंय व्हय? दे हिकडं, उंब्रजला नेते." तिचे कपडेही पिशवीत भरलेत. मी पोर दिली नाही. तुम्ही रडतच एसटीत बसलात.

सोमवारी रजा टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ओलं डायपर फार वेळ राहिलंय, घाबरू नका, अंग कोरडं आणि मोकळं ठेवा. मलम मला शेजारच्या सलिमाभाभींनी शिकवलं. खोबरेल तेलात कडुनिंबाचा वाळका पाला मंद आचेवर मुरवला, फडक्यातून गाळला आणि त्यात मधमाशीचं मेण विरघळवलं. पहिल्यांदा दगड झाला. भाभी हसल्या, "आवं भाऊ, ही तर मेणबत्ती झाली की!" दुसऱ्यांदा मेण कमी घातलं, तेव्हा लोण्यासारखं जमलं. डॉक्टरांना विचारलं, आधी माझ्या मनगटाला लावलं, मग तिच्या मांडीला थोडंसं. कालपासून कातडी साफ आहे.

नळावरच्या बायका चिडवतात, "जयराज, बाळंतीण तूच का रं?" मी म्हणतो, व्हय, मीच.

मामी, पुरळ हे निमित्त होतं. बाळंतपणात रेश्मा गेली आणि तिचं काहीतरी तुम्हाला घरात हवंय. मलाही हवंय. पोर झोपेत तिच्यासारखीच ओठ मुडपते. तुम्ही ते बघितलंत आणि मगच पिशवी उचललीत. माझं लक्ष होतं.

तरीही मी देणार नाही. मामांना आणा, भावकी आणा, सरपंचाला आणा. जे जमत नाही ते शिकेन. चुकलो तर पुन्हा करेन.

तुम्ही मात्र या. तिला न्हाऊ घाला, तिची आई लहानपणी कशी होती ते सांगा. ते मला सांगता येत नाही. हवे तितके दिवस राहा. राहायला या, न्यायला येऊ नका.

रेश्मा गेली तरी तुमचाच जावई,
जयराज