दोरी नसलेली जोड

११ जानेवारी २००८
नेलकटर गेलं! खिशातून सुटलं न् सरळ पिंपाला चिकटलं. माझ्याबरोबर कामाला असलेला बारकूमामा हसला, “आता काप त्याची नखं!” पिंप म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतलं मोठं लोहचुंबक. ते बंद होतच नाही कधी. शिडीवर चढून त्यात गार नायट्रोजन ओतायचं काम माझं.
कामावर घेताना विचारलेलं, “अंगात लोखंड?” नाय म्हणालो. पण सातपूरच्या कारखान्यात ग्राइंडिंगवर असताना तोंडावर ठिणग्या उडाल्या होत्या. डावा डोळा आठवडाभर लाल. लोखंडाचा कण आत राहिला का, कुणी बघितलंच नाही.

१४ जानेवारी
शिडीवर चढलो की चुंबकाकडचा डावा डोळा मिटून घेतो, मान फिरवून उजवा पुढं करतो. तरी डावा टोचतो.

२२ जानेवारी
प्रयोग करणाऱ्या तेजस्विनी मॅडमना विचारलं, हे सगळं कशापायी? म्हणाल्या, दोन इलेक्ट्रॉन असे बांधलेत की एकट्याचं काही सांगता येत नाही, दोघांचं मिळूनच सांगायचं. पण ती जोड लगेच विरते. म्हणून विरायच्या आत शेजारच्या अणूंच्या गाभ्यांना सोपवायची. ते दोन गाभे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत — तरी तेच मग जोडीदार! इलेक्ट्रॉन मोकळे.
“पण दोरी कुठंय?”
“दोरी नसतेच सोमा! तीच तर गंमत.”
मला नाही वाटली गंमत. न दिसणारं काहीतरी माझ्या डोळ्यालाही धरून बसलंय.

२३ जानेवारी
झोप नाही. सांगितलं तर काम जाणार. चार कामं मीच सोडली. हे सोडवत नाही. आई सुरगाण्याहून फोनवर म्हणाली, “नाशकात लय टिकलास रं यंदा!”

६ फेब्रुवारी
झालं! गाभ्यांनी जोड धरली. मॅडम उड्या मारत होत्या. मलाही पेढा दिला. “आता हेच पुन्हा पुन्हा करून दाखवायचं, वर्षभर. नमुन्याची नळी उद्यापासून तू चुंबकात सोड. तुझा हात हलत नाही.”
नळी सोडताना तोंड थेट चुंबकाच्या भोकावर येतं. पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

७ फेब्रुवारी
सांगून टाकलं. मॅडम पांढऱ्याफटक. “रोज चढत होतास? वेड्या!” हाताला धरून बाहेर काढलं मला. बारकूमामाबरोबर एक्स-रेला पाठवलं.

८ फेब्रुवारी
डावा डोळा साफ आहे. कण उजव्यात आहे.