कोपऱ्यावरच्या पिझ्झ्याचे कुलूप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अन्न तपासणी खात्यातून निवृत्त झालेली निरीक्षक, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्याच हाताने, कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला ते पुराव्यासकट लिहावे लागत आहे. काल जेवताना चिरंजीवांनी मला बजावले की, मी मनात आहे ते कागदावर उतरवले तर आईला औषधांनी भ्रम झाल्याचा दाखला ते आणतील. म्हणून आज शुक्रवारी सकाळी मीच डॉक्टरांकडे चालत गेले. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोहोचले, आणि त्यांच्या दवाखान्यातल्या पाण्याच्या पिंपाला झाकण नाही हेही त्यांना सांगितले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. सोमवारी ते माझे पोट उघडणार आहेत. पुढची हमी त्यांनी दिलेली नाही, म्हणून ही घाई.

कलम १. राहते घर, आतल्या सामानासह, चिरंजीवांना. या कागदात ज्याची वेगळी वासलात लावलेली नाही तेही सर्व त्यांचेच. ते माझे एकुलते एक आहेत आणि मनाने वाईट नाहीत. लोक काय म्हणतील याची धास्ती त्यांना लहानपणापासून आहे, आणि ती त्यांनी माझ्याकडूनच उचलली.

कलम २. मोठा कुकर सूनबाईंना. "तुमच्यानंतर म्हणून विचारते हं, घाई नाही" असे म्हणत त्यांनी तो तीनदा मागितला आहे. शिटी बदलून घ्यावी. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे माझी शिडी नऊ वर्षे आहे. ती आता त्यांचीच, पण त्यांनी "आमची शिडी" म्हणणे सोडून "बाईंनी दिलेली शिडी" म्हणावे. नातीला माझा तपासणीचा तराजू आणि तापमापक. तिने फोनवर "आपल्या भागातले पहिले पाच पिझ्झे" अशी यादी टाकली आहे आणि त्या यादीखाली चारशे माणसे हमरीतुमरीवर आली आहेत. बाळा, पहिला, दुसरा लावण्याआधी माणसाने हात धुवावेत आणि खात्री करावी. तुझ्या आजीने एकदा केली नाही. ते पुढे येईलच.

कलम ३. हे कलम वाटणीचे नाही, पण याच्याशिवाय पुढचे समजणार नाही.

आमच्या इमारतीखाली सलून आहे. दर रविवारी त्याच्या बाहेरच्या बाकावर एकच खटला चालतो: पिझ्झा कोणाचा चांगला? मी पेपर घ्यायला उतरते आणि तासभर तिथेच बसते. मास्तर पुलापलीकडच्या दुकानाचे वकील. सलूनवाले कोपऱ्यावरच्याचे, ते दुकान बंद होऊन सव्वीस वर्षे झाली तरी.

"पुलापलीकडच्याचा पापुद्रा बघा, कागदासारखा पातळ," मास्तर म्हणतात.

"कागदच खायचा असेल तर पोरांच्या वह्या खा की, मास्तर!" सलूनवाले आतून कात्री थांबवून ओरडतात. "कोपऱ्यावरचा माणूस चीज किसायचा नाही, हाताने तोडून टाकायचा. कुठे जास्त, कुठे कमी. घासागणिक नशीब!"

मग कोणाला तिथली चौकोनी स्टीलची ताटली आठवते, कोणाला भट्टीजवळच्या भिंतीची ऊब. कोणी जिन्याखालच्या म्हाताऱ्याचा करपलेला पिझ्झा काढतो, त्यावर सगळे हसतात. सगळे बोलून झाले की मास्तर हुकमाचे पान टाकतात: "एवढा चांगला होता, तर पोरांना बाधा कशी झाली?" सलूनवाले पुन्हा कात्री चालवू लागतात. मग कोणीतरी माझ्याकडे मान करून म्हणते, "बाईंनी वेळेवर कुलूप ठोकलं म्हणून वाचलो." आमच्या भागात माझे नाव कुलूपबाई आहे. पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येते.

कलम ४. आता कुलूप.

एका वाढदिवसाला नऊ मुलांना उलट्या झाल्या. त्यातली एक मुलगी चार दिवस दवाखान्यात होती. पोरांचे एकमत होईना म्हणून वडिलांनी निम्मे पिझ्झे कोपऱ्यावरून आणि निम्मे पुलापलीकडून मागवले होते, आणि कोणी कुठला खाल्ला हे कोणालाच सांगता येईना. मी दोन्ही दुकानांतून चीजचे नमुने घेतले. नियम असा की, बरणी भरायची, मालकासमोर चिठ्ठीवर नाव-नंबर लिहायचा, त्याची सही घ्यायची आणि तिथल्या तिथे चिकटवायची. प्रयोगशाळा पाचला बंद होत असे. मी दोघांच्या सह्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर घेतल्या, आणि नंबर घालून त्या गाडीत, मांडीवर बरण्या ठेवून चिकटवल्या. अकरा नंबर कोपऱ्यावरचा, बारा पुलापलीकडचा. असे मी समजत होते.

अकरा नंबर दूषित निघाला. मी कोपऱ्यावरच्या दुकानाला कुलूप लावले. भट्टीवाले, म्हणजे त्या दुकानाचे मालक, मला एवढेच म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा तपासा. माझं चीज रोजचं रोज संपतं." सगळे मालक असेच म्हणतात, असे मी त्यांना तोंडावर सांगितले.

पाच महिन्यांनी कार्यालयातले शीतपेटीचे कपाट आवरताना त्याच नमुन्यांच्या राखीव बरण्या हाताला लागल्या. अकरा नंबरच्या बरणीत यंत्रावर किसलेले, एकसारखे चीज होते. बारा नंबरमध्ये हाताने तोडलेले तुकडे, कुठे मोठे, कुठे लहान. बाकावरच्या कोणालाही ती बरणी दाखवली असती तरी त्याने दुकान ओळखले असते. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती आणि ती माझ्या हातून झाली होती.

त्या दिवशी वरिष्ठांच्या खोलीचे दार उघडे होते. मी त्या दारापुढून दोनदा गेले. चिरंजीव तेव्हा कॉलेजात होते, त्यांचे वडील जाऊन वर्ष झाले होते, आणि माझी नोकरी गेली असती. मी दोन्ही बरण्या रिकाम्या केल्या, गरम पाण्याने धुतल्या आणि पालथ्या घातल्या. आज माझ्या शब्दाखेरीज कसलाही पुरावा उरलेला नाही. चूक घाईत झाली असे मी म्हणू शकते, पण बरण्या मी सावकाश, दोन पाण्यांनी धुतल्या.

भट्टीवाल्यांनी भट्टी फोडून विटा विकल्या. पुढे त्यांनी बावीस वर्षे दुसऱ्याच्या बेकरीत पाव भाजले. त्यांच्या पत्नीला बाजारात एकीने "पोरांना विष घालणारी" म्हटले. तेव्हापासून त्या भाजीला पार स्टेशनापलीकडे जात, भर उन्हात, दोन पिशव्या घेऊन. मी खिडकीतून बघत असे. त्या गेल्या तेव्हा मी भेटायला गेले नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

कलम ५. कोपऱ्यावरचा गाळा क्रमांक तीन मी निवृत्त झाल्यावर विकत घेतला आणि तेरा वर्षे बंद ठेवला. म्हातारीला चळ लागला असे घरात म्हणतात. तो गाळा मी भट्टीवाल्यांना देत आहे. धुराडे अजून शाबूत आहे.

कलम ६. कलम चार माझ्या मृत्यूनंतर पहिल्या रविवारी सलूनच्या बाकावर मोठ्याने वाचावे. पुलापलीकडच्या दुकानावर कोणी दगड उचलू नये. आजचा मालक तेव्हा पाळण्यात होता, आणि त्याचे दुकान स्वच्छ आहे. मी स्वतः पाहिले आहे.

इथवर शुक्रवारी लिहून झाले. पुढचे शनिवारचे आहे.

वकीलबाईंचा सल्ला पडला की, गाळा ज्यांना द्यायचा त्यांना आधी विचारा. मी भट्टीवाल्यांना बोलावले. ते दुपारी आले आणि चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. चिरंजीव माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. कलम चारशी बोट बराच वेळ थांबले. सूनबाईंनी चहा ठेवला, त्यावर साय धरली.

"काका, आईची तब्येत बरी नाही," चिरंजीव म्हणाले. "तिच्या बोलण्यावर जाऊ नका. गाळ्याचं आपण बसून काहीतरी ठरवू. हा कागद तेवढा—"

"तू गप्प बस," भट्टीवाले म्हणाले. ते मला म्हणाले, "तुम्ही खिडकीतून बघत होतात?"

मी हो म्हटले.

"ती मला विचारायची, आपल्या हातून खरंच काही झालं का हो? एकदा नाही, शंभरदा. मी म्हणायचो, झालं असेल, कामाच्या रगाड्यात कळलं नसेल." त्यांचा आवाज चढला. "मी माझ्या बायकोला खोटं सांगितलं, बाई. तुमच्या कागदावर विश्वास ठेवून. ती तसंच समजून गेली."

मी माफी मागितली. ते कागद टेबलावर ठेवून उठले. मला वाटले, गेले. दाराशी जाऊन ते परत वळले.

"मेल्यावर वाचायचं म्हणता. तेव्हा मास्तर प्रश्न कोणाला विचारणार? तुमच्या फोटोला?"

सव्वीस वर्षांनीसुद्धा मी पळवाट ठेवूनच लिहिले होते, आणि ती मला लिहिताना दिसली नव्हती.

"उद्या रविवार आहे," ते म्हणाले. "मी बाकावर येतो. किती वर्षांत बसलो नाही तिथे."

ते गेल्यावर चिरंजीव माझ्यावर ओरडले. त्यांच्या मुलीच्या लग्नापर्यंत गोष्ट पोहोचली. "तू सुटशील ग, आम्हाला इथेच राहायचंय!" असे म्हणून त्यांनी कागद उचलला आणि दोन्ही हातांत असा धरला की आता फाडतीलच. मी म्हटले, "फाड. मला पाठ आहे." त्यांनी कागद टेबलावर टाकला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतले.

कलम ६ मधले "माझ्या मृत्यूनंतर पहिल्या रविवारी" हे शब्द मी खोडले आहेत. त्या जागी "उद्या, मी स्वतः" असे वाचावे. खाडाखोडीवर सही केली आहे.

रविवार. पुढचा मजकूर सलूनच्या बाकावर बसून, मांडीवर पाट घेऊन लिहिला आहे. अक्षर वेडेवाकडे आहे, ते तसेच असू द्यावे.

कलम चार मी उभी राहून वाचले, आणि पाठोपाठ पाचही. दाढीचा फेस लावलेला एक माणूस तसाच बाहेर येऊन ऐकत होता. वाचून झाल्यावर मास्तरांनी तीन प्रश्न विचारले: बरण्या कोणी धुतल्या, साहेबांना कळवले का, आणि आज का सांगता. तिन्हींची मी खरी उत्तरे दिली. तिसऱ्याचे उत्तर "उद्याची भीती वाटते म्हणून" असे होते. सलूनवाल्यांनी मला बसा म्हटले नाही. ते माझ्याशी पुन्हा बोलतील असे वाटत नाही, आणि त्यांचे बरोबर आहे. एक बाई मात्र म्हणाल्या, "बरं झालं हो. पण गाळा यांनाच मिळणार ना? मग बरोबर आहे." आणि त्या ओठ मुडपून हसल्या.

भट्टीवाले बाकाच्या टोकाला बसले होते. त्यांनी ते ऐकले.

मी सही केली. सोबत आलेल्या वकीलबाईंनी साक्षीदार विचारले. सलूनवाल्यांनी हात पुसून सही केली. दुसऱ्या सहीसाठी मास्तर पुढे झाले, तेवढ्यात भट्टीवाल्यांनी पेन मागितले.

"तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही," वकीलबाई घाईने म्हणाल्या. "म्हणजे सही करता येईल, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. तुम्ही सही केलीत की तुमच्यापुरतं कलम पाच रद्द. गाळा यांच्या मुलाकडे जाईल."

"नक्की?"

"नक्की."

"मग द्या पेन." ते त्या हसलेल्या बाईंकडे बघत म्हणाले, "बाईंच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नाही, असं त्यात लिहिलंय. मी गाळा घेतला, तर उद्या इथेच म्हणतील, गाळ्यासाठी म्हातारीकडून लिहून घेतलं. मग माझी बायको पुन्हा तशीच राहील."

मी त्यांना अडवले. दुसरे काही घ्या म्हटले. माझ्याकडे द्यायला आणखी काय आहे हे मलाच ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "बाई, तुमचं देणं तुमच्यापाशी राहू द्या." चिरंजीव सलूनच्या दाराशी येऊन उभे होते. गाळा त्यांना जाणार हे ऐकून ते खाली बघत राहिले.

भट्टीवाल्यांनी सही करण्याआधी मला एक ओळ वाढवायला सांगितली. ती त्यांच्या शब्दांत अशी: कोपऱ्यावरच्या दुकानात पीठ मळण्याचे काम माझी बायको करत असे, आणि तिचे हात स्वच्छ होते.

वरील सर्व मजकूर मला मान्य आहे.

सही: मृत्युपत्र करणारी, निवृत्त अन्न निरीक्षक

आमच्यासमोर सही केली, आम्ही एकमेकांसमोर सही केली:
साक्षीदार पहिला: सलूनवाला
साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरच्या पिझ्झ्याच्या दुकानाचा मालक

ठिकाण: सलूनबाहेरचे बाक
दिनांक: चौदा, रविवार, सकाळी पावणेअकरा