लिफ्टला ठोकलेलं सील

१९ नोव्हेंबर, दुपार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात माझं डोकं फिरलंय.

काल तुझा फोन मी घाईघाईने ठेवला. सहाव्या मजल्यावर अडकून पडलीस, आणि आमच्या लिफ्टला सील ठोकणारा तो शहाणा कोण, म्हणून मला विचारत होतीस. शहाणा नव्हे, शहाणी. सरकारी लिफ्ट निरीक्षक, माझ्याच हाताखाली तयार झालेली. दहा वर्षं बोट धरून शिकवलं, आणि परवा तिने मला बोलावून बाहेरच्या बाकावर दोन तास बसवून ठेवलं. शिपायाने काम काय म्हणून विचारलं. मला! बत्तीस वर्षं ज्या खोलीत बसून मी लोकांना बाहेर ताटकळत ठेवलं, त्याच खोलीच्या दाराशी.

निवृत्तीनंतर लिफ्ट कंपनीत लागलो तेव्हा तू म्हणाली होतीस, आता पुरे, घरी बस. ऐकलं नाही. रिकामा माणूस घरात सगळ्यांच्या पायात येतो. कंपनीने केबिन दिली, साहेब साहेब करतात. पण त्यांना माझे डोळे नकोच आहेत गं, तपासणीच्या कागदावर माजी निरीक्षकाची सही तेवढी हवी. ती दिसली की सरकारी कार्यालयात कुणी पुन्हा तपासत नाही. या बयेने तपासलं. मला राग आला तो त्याचाच.

तिने टेबलावर फोटो ठेवला. तुमची लिफ्ट ज्या तारदोरावर लटकते, त्याचा. त्यातल्या तारा तुटून बाहेर आल्या होत्या. मग हळू आवाजात म्हणाली, “सर, तुम्ही स्वतः वर गेला होतात?”

“म्हणजे काय, गेलो होतो,” मी म्हणालो.

तिने दुसरा फोटो ठेवला. गच्चीवरून यंत्रखोलीत जाणाऱ्या शिडीचा, ती स्वतः चढण्याआधी काढलेला. पायऱ्यांवर बोटभर धूळ. मग उठून मला पाणी आणून दिलं. वर्षभरात इतका अपमान कुणी केला नव्हता.

ताई, ती शिडी लोखंडी आहे, अगदी उभी. माझे गुडघे आता ऐकत नाहीत. कंपनीला सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा सहीवाला आणला असता. म्हणून गच्चीवरूनच परत फिरलो, तुझ्याकडे येऊन चहा प्यायलो आणि मागच्या वर्षीच्या नोंदी नव्या कागदावर उतरवल्या. तुझ्याच जेवणाच्या टेबलावर सही केली. तू माझा चष्मा पुसून दिलास आणि मला सोडायला त्याच लिफ्टने खाली आलीस. त्याला चार महिने झाले. सील लागेपर्यंत तू रोज दोनदा तिच्यातून जात होतीस.

काल तू त्या पोरीला शिव्या घालत होतीस आणि मी ऐकून घेत होतो. त्या शिव्या माझ्या आहेत. उद्या जाऊन, मी खोटं बोललो, हे तिला लिहून देणार आहे. मग कंपनी ठेवणार नाही. न ठेवू दे.

दोर बदलायला आठ दिवस लागतील. तोवर तुझी औषधं मी आणून देईन. मला आत घ्यायचं नसेल तर दाराबाहेर ठेवून जाईन.

तुझ्या लिफ्टवर न बघता सही करणारा,
तुझा धाकटा