खारावलेले रूळ

बाबा, तुझी चावीची खेळण्यातली गाडी परत फिरायला लागली. आधी हेच सांगून टाकते, कारण मला गोष्ट सरळ सांगता येत नाही हे तुला ठाऊक आहे. चौथीपर्यंतची शाळा, तीही अर्धी मासळी वाळवण्यात गेलेली. पडवीत गाडीची फळी तीच आहे, होडीच्या उरलेल्या लाकडाची. करवंटीचा बोगदा नवा केला. रूळ तू तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे केले होतेस. मी खिडक्यावाल्याकडून ॲल्युमिनियमची पट्टी आणली आणि वळणं घेण्यासाठी तुझ्यासारखीच वीत वीत कापून ठोकली. तुझ्याकडे नव्हता तो पूलही घातला. स्टेशन मात्र फळीवरच्या जेटीलाच ठेवलंय. खरी रेल्वे गेली डोंगरातून, पण तू म्हणायचास, "मासळी भरायची तर गाडीनं बंदरावर यायला नको?" तर आली बघ. सून म्हणते, "आई, आता रिझर्वेशन पण सुरू करा." नातवंडं दोन फेऱ्यांत कंटाळतात, मी नाही कंटाळत.

आता तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. होडीवरून पडून तू खाटेला खिळलास, त्या मे महिन्यात बांगडा उदंड आला. पावसाळ्याची बेगमी करायची, आणि खळ्यात कुत्र्यांपुढे काही टिकेना. मी तुझी फळी उचलून उन्हात नेली, ड्रमांवर ठेवली, आणि रुळांवरच मीठ लावलेले बांगडे पसरले. चार दिवस म्हणता म्हणता महिना गेला. फळी आत आणली तेव्हा रूळ मिठानं इतके गंजले होते की बोटानं दाबले तरी भुगा होत होता.

तू माजघरातून दिवेलागणीला हाक मारायचास, "गो बाय, गाडी फिरवलीस?" मी पडवीत इंजिनाला चावी द्यायची आणि ते हातातच धरायची. चाकं घुर्रर्र करून मोकळीच फिरायची. "फिरवली हो, बाबा!" तू म्हणायचास, "वेळेवर आली." मी चुलीकडे वळायची. तू गेलास त्या श्रावणापर्यंत रोज हेच. खोटं बोलले खरी, पण बाबा समाधानात गेला, या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं निभावून नेली.

परवा नव्या रुळांवर गाडी पहिल्यांदा सोडली. प्रत्येक सांध्यावर खट्, खट्, खट्. मी हा आवाज विसरलेच होते रे. तू कसा विसरशील? जुने सांधे तुझ्याच हातचे.

हा कागद फळीखाली सरकवणार आहे, तिथून पुढं टपाल जात नाही. एवढंच राहिलं: काल मी माजघरात तुझ्या जागी आडवी झाले आणि सुनेला म्हटलं, पडवीत इंजिन हातात धर आणि चावी दे. नुसतं घुर्रर्र आलं, खट् एकदाही नाही. तिनं विचारलं, "आई, ऐकू आली का गाडी?" मी म्हटलं, "वेळेवर आली." दुसरं काय म्हणावं ते मलाही सुचलं नाही, बाबा.