लिऑरच्या हातात तापणारी पहार

मी, निसीम डेव्हिड झिराडकर, वय चोवीस, राहणार ईलिंग, नोकरी ब्रॅकनेलला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. मराठीच्या चुका शेजारच्या डॉ. अनुराधा सबनीस यांनी सुधारल्या आहेत. मत्सर माझाच आहे.

१. तीन वर्षांपूर्वी केंब्रिजच्या उत्तरेला, दलदलीतल्या अजगराने बाबांची गाडी रस्त्यावरून पाण्यात ओढली. बाबा, आई आणि बहीण नताली, तिघेही गेले. मी ऑफिसात होतो. त्याच दिवशी मी त्याला मारायची शपथ घेतली. उद्या, शुक्रवारी, मी एकटा तिकडे जात आहे. परतलो नाही, तर पुढील व्यवस्था लागू व्हावी.

२. फ्लॅट, बँकेतली शिल्लक आणि सणाला मालिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, मांडायचं आईचं ताट हॅनाह आत्याला. गेल्या महिन्यात तिचा मुलगा लिऑर आणि मी अजगराशी लढून दलदलीतून चिखलाने माखून परतलो, तेव्हा तिने आधी त्याला जवळ घेतलं. आईच ती, घेणारच. तरी मी ते विसरलेलो नाही.

नतालीची खोली कोणी आवरू नये, असं लिहिणार होतो. आवरा.

३. आजोबांची लोखंडी पहार लिऑरला. अजगराची कातडी फक्त तीच भेदते, तीही तापून लाल झाली तर. तीन वर्षं ती घेऊन मी रोज सराव केला. माझ्या हातात ती थंडच राहिली. लिऑरने नुसती उचलली आणि ती निखाऱ्यासारखी पेटली. त्याचे आईबाप जिवंत आहेत. गेल्या महिन्यात अजगराचा एक डोळाही त्यानेच फोडला. आमच्या समाजाच्या हॉलमध्ये लोकांनी त्याला हार घातला. मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या, कोणाला काही कळू नये म्हणून.

तुझ्यात असं काय आहे, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मला जाम भीती वाटते रे. घरी परत यायचं असतं ना मला. तुला यायचं असतं का?"

मी पहार फडक्यात गुंडाळून ठेवली.

४. लिऑरला मी आपण रविवारी जाऊ असं सांगितलं आहे. खोटं बोललो, त्याची क्षमा मागतो. शेवटचा घाव त्याचा नसावा, एवढंच मला हवं होतं. मी बाबांची कुऱ्हाड नेत आहे. फुटलेल्या डोळ्यातून ती आत जाईल.

५. मी परतलो नाही, तर माझा सूड कोणी घेऊ नये. लिऑरने तर मुळीच नाही. कारण एक, त्याला तो जमेल. कारण दोन, आत्याला तो एकुलता एक आहे. दुसरं कारण लिहिता लिहिता सुचलं. तेच आधी वाचावं.

स्थळ: ईलिंग, लंडन
गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५

सही: निसीम डेव्हिड झिराडकर

आमच्या दोघांच्या समोर सही केली:
डॉ. अनुराधा सबनीस, शेजारी
टोबी नवगावकर, ऑफिसातला सहकारी