तिसरा सिलिंडर

४ ऑक्टोबर, शनिवार
नोरा आली होती. तिची ड्रायव्हिंगची परीक्षा २४ला. परीक्षेला गाडी आपली आपण न्यायची असते, आणि मुलीनं बापाच्याच गाडीत पास व्हायचं हे मी ठरवलंय. तिच्या आईच्या नव्या नवऱ्याची, वेंडलची, गाडी नवीकोरी आहे. तीत कुणीही पास होईल.

सिग्नलला आपली गाडी किंचित थरथरते. नोरा म्हणाली, बाबा, माझे दात वाजतायत. म्हटलं, आपल्या डुलुथ शहराची थंडी, इंजिनलाही वाजते.

५ ऑक्टोबर
मेकॅनिककडे जाणार नाही. मला इंजिनचा आवाज ऐकून कळतं. ऐकला. पेट्रोल खराब. टाकीत औषध ओतलं.

७ ऑक्टोबर
गुण येतोय. थरथर आता जरा खोलवरून येते.

९ ऑक्टोबर
पार्ट्सच्या दुकानातल्या लोरेननं मशीन लावून बघितलं. इंजिनचा तिसरा सिलिंडर पेटत नाही म्हणे. म्हणाली, तिसऱ्याची ठिणगी पाडणारी कॉइल पहिल्याला लाव, दोष तिकडे गेला तर कॉइल खराब. नाही गेला तर इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोज.

असल्या अदलाबदलीत मी वेळ घालवत नाही. चारही कॉइल नव्या घेतल्या. प्लगही.

११ ऑक्टोबर, शनिवार
तिसरा अजून रुसलेलाच. स्टॉपच्या पाटीशी गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा कल्लोळ. नोराला सांगितलं, एका पायानं ब्रेक धर, दुसऱ्यानं ॲक्सिलरेटर दाबत राहा. ती म्हणाली, बाबा, थांबायचंय की पळायचंय, एकदा ठरवा. दोघंही हसत सुटलो. नंतर पॅनकेक खाल्ले.

शिकाऊ माणसाच्या शेजारी लायसन्सवालं मोठं माणूस हवंच, असा नियम आहे. फार चांगला नियम.

१४ ऑक्टोबर
शेजारचा ऑर्विल कॉम्प्रेशन मोजायचं मीटर घेऊन दारात. म्हणाला, लाइल, दहा मिनिटांचं काम. आकडा कमी आला तर इंजिन गेलं समज, निदान पैसे ओतणं तरी थांबेल. कॉफी पाजून परत पाठवला. मोजलंच नाही, तर इंजिन गेलं असं कोण म्हणणार?

१८ ऑक्टोबर, शनिवार
डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा सारखा लुकलुकत होता. काळी पट्टी चिकटवली. तो प्रश्न मिटला.

नोरा आली नाही. वेंडल तिला पार्किंग शिकवतोय, असा तिच्या आईचा, डोरीनचा, फोन.  दोघांचे पॅनकेक एकट्यानं खाल्ले.

२३ ऑक्टोबर
इंजिनखाली लाकडाची पाचर ठोकली. मोठी सुधारणा. थरथर आता फक्त दारं, काचा आणि सीटमध्ये उरली आहे. उद्या नोराला न्यायला जायचं. शर्ट इस्त्री केला.

२४ ऑक्टोबर
सकाळी गाडी सुरूच झाली नाही. दोन तास खटपट करून नोराला फोन केला, अर्ध्या तासात पोचतो, घाबरू नकोस. ती म्हणाली, बाबा, परीक्षा झालीसुद्धा. वेंडलच्या गाडीत दिली. पास झाले.

अभिनंदन केलं. अगदी मोठ्यानं केलं. मग विचारलं, उद्या येतेस ना सरावाला? ती म्हणाली, बाबा, आता शेजारी कुणी नसलं तरी चालतं.

मी म्हटलं, वा, उत्तमच झालं. मलाही गाडीकडे बघायला शनिवार मोकळा हवाच होता.