चौदा नंबर खोलीची वाटणी

मी, बालाजी माणिक सुरवसे, वय चोवीस, मूळ राहणार तालुका निलंगा, सध्या कतारमध्ये बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात खोली नंबर चौदा, लिहून ठेवतो की हा कागद सोमवारीच लिहायचा होता. मंगळवारी ओव्हरटाइम लागला, बुधवारी पेन सापडेना, गुरुवारी सापडलं तर मॅच होती. आज शुक्रवार, सुट्टी, आता कारण उरलं नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही, क्षेपणास्त्रं सोडून.

१. गावचं दोन खोल्यांचं घर आणि बँकेत जे असेल ते आई फुलाबाईला. तिसरी खोली बांधायची म्हणून मी इथं आलो. त्याआधी रत्नागिरीला बोटीवर होतो. बोटीवरून का उतरवलं ती गोष्ट मोठी आहे, राहू द्या.

२. मोबाइल बहीण अंबिकेला. त्यातले बातम्यांचे ग्रुप मी काढलेत. परत घालू नयेत, सगळं तिथूनच सुरू झालं.

३. परातीवरचा पाना आणि सेफ्टी बेल्ट शेजारच्या खाटेवरच्या सैफला. परांचीवरचा, असं वाचावं; इथं मी परांच्या बांधतो. परात का सुचली ते पुढं येईल.

४. मेस. रविवारी अमेरिकेनं इराणवर बॉम्ब टाकल्याची बातमी आली. आमच्या खोलीतले ट्रेलर ड्रायव्हर महिपतदादा, सांगोल्याचे, म्हणाले, "बरं झालं! कुणीतरी आवर घालायलाच पायजे हुता."

मी म्हणालो, "दादा, अमेरिका राहते सातासमुद्रापार. तिचा लष्करी तळ मात्र आपल्या शेजारी. उत्तर इथं येणार."

"नववी नापासानं मला जग शिकवू नये."

"तुम्ही तरी कुठं दहावीला बसलात?"

खोली निम्मी-निम्मी फुटली. ओट्यावर खडूनं रेघ मारून दोन मेस झाल्या. आता भाकरी थापता येते एकट्या दादांना, कालवण येतं एकट्या मला. त्यांच्याकडं नुसती भाकरी, आमच्याकडं नुसतं कालवण. दोन्ही देशांना याची कल्पना नसावी.

सोमवारी संध्याकाळी इराणचं उत्तर आलं. आभाळात आग, खिडक्या थडाथड. मी आणि दादा एकाच खाटेखाली. तिथंही दादा म्हणतात, "तरीबी माझा मुद्दा निराळा हाय."

मी म्हणालो, "अमेरिकेच्या तळावर फोन लावा. म्हणावं, तुमचा माणूस खाटेखाली आहे, जरा सांभाळा."

सगळे हसले. दादांनी तोवर माझा हात धरला होता, तो सोडला. दुसऱ्या दिवशी तिकडं युद्धबंदी झाली आणि इकडं दादा परात घेऊन नऊ नंबरात राहायला गेले.

ते वाक्य मी मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी साइटवर आडवा झालो, तेव्हा ड्युटी सोडून हाच माणूस ओला टॉवेल घेऊन बसला होता.

५. खिडकीजवळची माझी खालची खाट महिपतदादांना. अट एकच, चौदा नंबरात परत यावं. त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये.

६. अमेरिका आणि इराण यांना माझ्या इस्टेटीतलं काहीही मिळू नये. दोघांनी अर्ज केला तरी नाही.

साक्षीदार दोन लागतात. उद्या वाद नको म्हणून प्रत्येक मेसमधला एक ठरवला.

पहिला: सैफ. मजकूर हिंदीतून समजावला. "भाई, कल ड्यूटी है, मरना कब है?" असं विचारून सही केली.

दुसरा: जागा मोकळी. नऊ नंबरात जाऊन विचारायचं धाडस होईना. दोनदा दारापर्यंत जाऊन पाणी भरून आलो.

सही: बालाजी माणिक सुरवसे
बिरकत अल अवामेर, २७ जून २०२५

ता. क. आत्ता दार वाजलं. दादा उभे आहेत, हातात घडी घातलेला कागद. म्हणतात, "बाल्या, मृत्युपत्राला साक्षीदार दोन लागत्यात म्हनं. मला एकच गावलाय."